फडफडणाऱ्या बॉनेटची कैफियत

मी एक जुनं बॉनेट आहे, मित्रांनो. बॉनेट म्हणजे मोटारीच्या इंजिनावरचं झाकण. लोखंडाचं नव्हे हं, फायबरग्लासचं. आणि आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने फार संशयी आहे. माझ्याजवळ कोणी हात आणला की हा आता काय करणार, हेच आधी माझ्या मनात येतं. पण त्यात माझा दोष थोडा. वसईत आले त्या दिवसापासून सगळ्यांनी माझ्याकडे संशयानेच पाहिलं. मग माझा स्वभाव दुसरा कसा होणार?

माझा जन्म १९५८ सालचा, मुंबईच्या बंदरातला. तिथे होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात क्लेमेंट नावाचा तरुण कारागीर होता. त्याचा मामा हिलरी वसईजवळच्या होळी गावात राही. हिलरीकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जुनी मोटार होती. स्टेशन ते गाव ती भाड्याने चाले. खाऱ्या वाऱ्याने तिच्या बॉनेटच्या पत्र्याची चाळण केली होती. तेव्हा क्लेमेंट म्हणाला, मामा, कधीच गंजणार नाही असं बॉनेट देतो. त्याने जुन्या पत्र्यावरून साचा काढला, साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं आणि उग्र वासाची राळ ब्रशाने थरावर थर चोपडली. राळ वाळली आणि मी जन्माला आले.

पण तो जुना पत्राच वाकडा होता. कधीतरी एका म्हशीने त्याला टक्कर दिली होती. त्याचं वाकडेपण साच्यात उतरलं आणि साच्यातून माझ्यात आलं. मोटारीवर चढवलं तर माझा एक कोपरा वर राही. त्यात मी वजनाला हलकी. गाडीने वेग घेतला की फटीतून वारा आत शिरे आणि मी थडथड उडू लागे. मागच्या सीटवरची माणसं आपसांत बोलायची थांबत आणि माझ्याकडे डोळे लावून बसत.

क्लेमेंट रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून आला की माझ्या मागे लागे. त्याने बिजागऱ्यांची भोकं लांबवून मला सरळ केलं, माझ्या पोटाला लाकडाची पट्टी चिकटवली, म्हणजे मधोमध फुगू नये. पुढच्या बाजूला मी जिथे टेकते तिथे सायकलची जुनी ट्यूब कापून गादीसारखी बसवली आणि कडीची उंची जमवली. शेवटी त्याने मला वरून दाबलं आणि कडीचा टक असा आवाज आला. त्यानंतर गाडी कितीही पळाली तरी मी हूं की चूं केलं नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

लोकांचा संशय मात्र गेला नाही. काचेचं झाकण आहे ही बातमी पाचूबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत पोचली होती. मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणी मला बोटाने टिचकी मारून बघत, आणि फुटलं तर तुकडे डोळ्यांत जातील म्हणून पुढच्या सीटवर कोणी बसायला धजत नसे. सगळ्यात जास्त भीती वाटे ती हिलरीच्या बायकोला, मार्थाला. नवरा रोज या काचेच्या मागे बसतो, ही गोष्ट तिच्या जिवाला लागून राहिली होती.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, फादरांनी आशीर्वाद दिलेली झावळी घेऊन ती देवळातून घरी आली. दुपारी हिलरी जेवून आडवा झाला होता. इंजिन थंड व्हावं म्हणून मला वर उचलून टेकू लावलेला होता. मार्था हळूच आली, झावळीची घडी घातली आणि त्या ट्यूबच्या पोकळीत आतपर्यंत सरकवली. वरून काही दिसत नव्हतं. तिने कपाळावर क्रूस केला आणि ती घरात गेली. ही बाई मला काय खाऊ घालते आहे, असं माझ्या मनात आलं. पण सांगणार कोणाला?

ट्यूब फुगली आणि कडी अर्धीच बसू लागली. पापडी गावच्या रस्त्यावर मी पुन्हा थडथडले. हिलरीने घरी येऊन सांगितलं, तेव्हा मार्था आणखीच घाबरली. तिने लगेच दुसरी झावळी आत सरकवली. रविवारी क्लेमेंटने येऊन कडी खाली घेतली, तेव्हा मी जरा शांत झाले. पण मार्थाच्या जिवाला चैन कुठलं? तिने मरियामातेचं पदक चिंधीत गुंडाळून तेही त्यात घातलं, आणि माझी थडथड पुन्हा सुरू झाली. बिचारी जितकी घाबरे तितका माझा घास मोठा होई. क्लेमेंटचं डोकं चालेना. तो म्हणाला, मामा, मी बसवून जातो ते बरोबर असतं, मागून कोणीतरी हात लावतंय.

कोणीतरी म्हटल्यावर हिलरीच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला, श्रीपत टांगेवाला. स्टेशनबाहेर एकाच चिंचेखाली हिलरीची मोटार आणि श्रीपतचा टांगा उभा राही. मोटार आल्यापासून टांग्याची गिऱ्हाइकं कमी झाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोघांची जुनी मैत्री होती. उन्हाळ्यात स्टेशनकडच्या विहिरी खाऱ्या होत. तेव्हा श्रीपत आपली घोडी हिलरीच्या बावखलावर आणी. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. घोडीला पाणी पाजता पाजता दोघं विड्या ओढत बसत.

एके दिवशी हिलरी चहा पिऊन चिंचेखाली परत आला तर श्रीपतचा हात माझ्यावर. खरं सांगायचं तर तो माझा वर आलेला कोपरा तळव्याने खाली दाबून बघत होता. पण हिलरीला फक्त हात दिसला. तो आवाज न चढवता म्हणाला, "उद्यापासून तुझी घोडी माझ्या बावखलावर आणू नको."

श्रीपत म्हणाला, "माझ्या मनात काय काळंबेरं असतं, तर मी दिवसाढवळ्या हात लावला असता?"

हिलरी गाडीत जाऊन बसला. मला इतकं वाईट वाटलं, मित्रांनो! खरी गोष्ट माझ्या तोंडात कोंबलेली होती आणि मला बोलता येत नव्हतं. भर मे महिना. श्रीपत लांबून कुठून तरी डबे वाहून आणी, तेवढ्याने घोडीची तहान भागत नसे. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. चिंचेखाली ती माझ्या शेजारी मान खाली घालून उभी राही. श्रीपत तिच्या कानाशी काहीबाही पुटपुटत बसे आणि मोटारीकडे पाठ फिरवून घेई.

आणि मग व्हायचं ते झालं. मार्था पापडीच्या बाजारातून हिलरीच्या शेजारी बसून घरी निघाली होती. आदल्याच दिवशी तिने आणखी एक झावळी ठासली होती. गाव जवळ आलं, समोरून वारा आला, कडी सुटली आणि मी उलटी होऊन समोरच्या काचेवर आपटले. हिलरीला काही दिसेना. गाडी रस्ता सोडून कोरड्या भातखाचरात उतरली आणि बांधाला टेकून थांबली. मार्थाच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी देवाची कृपा. माझी एक कड मात्र चिरली.

मागून टांगा येत होता. श्रीपत उडी मारून धावत आला. त्याला बघताच हिलरीचा तोल सुटला. "आलास बघायला? माझी बायको मेली असती!" असं म्हणून त्याने श्रीपतची गळपट्टी धरली. श्रीपतने हात सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

मार्था गाडीतून उतरून पुढे आली होती. हिसक्याने ट्यूब फाटली होती आणि तिच्यातून सुकलेल्या झावळ्या बाहेर लोंबत होत्या. खाली मातीत मरियामातेचं पदक पडलं होतं. तिने ते उचललं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "त्याला सोडा. ह्या झावळ्या माझ्या हायत. तुमच्या जिवासाठी मीच घालत होते."

हिलरीला आधी काही उमजेना. तिने एकेक झावळी ओढून काढली आणि मला खाली पाडून दोन्ही हातांनी दाबलं. कडीचा टक असा आवाज आला. त्या आवाजानंतर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हिलरीचा हात आपोआप खाली आला.

माफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो घोडीकडे बघून म्हणाला, "तिला पानी पाजलंस का?"

"कुठं पाजू?" श्रीपत म्हणाला.

हिलरीने मोटार तशीच खाचरात सोडली. आपल्या हातांनी घोडी टांग्यातून सोडवली, लगाम धरला आणि बावखलाच्या वाटेला लागला. झावळ्या छातीशी धरून मार्था त्याच्या मागे गेली. श्रीपत माझ्याजवळ राहिला. त्याने टांग्यातला घोडीचा जुना तंग काढला, तो चामड्याचा पट्टा माझ्यावरून आडवा घेतला आणि घट्ट आवळला. मग माझ्या चिरलेल्या कडेवरून हलकेच हात फिरवला. कोणाचा हात अंगावर आला आणि मला शंका आली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

पुढे मी खूप वर्षं चालले. माझी चीर क्लेमेंटने कापड आणि राळ लावून बुजवली. दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी मार्था दोन झावळ्या आणी. एक माझ्या पट्ट्यात खोची, सगळ्यांना दिसेल अशी, आणि दुसरी घोडीच्या साजात. श्रीपतने कधी नको म्हटलं नाही.

आता ती मोटार नाही, टांगा नाही, ती माणसंही नाहीत. मोटार भंगारात गेली तेव्हा मला कोणी घेईना. गंजत नाही म्हणून मला बावखलाच्या काठावर कुंडीसारखं उलटं ठेवलंय, जनावरांना पाणी प्यायला. माझा रंग उडालाय, अंगावर शेवाळ चढलंय. बऱ्याचदा मला भरायचं विसरूनही जातात.

मित्रांनो, एखादी गोष्ट नीट बसत नसेल तर कोणाची गळपट्टी धरण्याआधी ती उघडून बघा. आत कदाचित आपल्याच माणसाची माया कोंबलेली असेल. आणि माझ्यासाठी एवढंच करा. उन्हाळ्यात मला कोरडं ठेवू नका. पाणी प्यायला आलेलं जनावर कोणाचं आहे, ते विचारू नका.