पाण्याची सुई

डॉ. रमाकांत सामंत वेंगुर्ल्याचे. पोर्तुगीज गेल्यावर सिल्वासात सरकारी नोकऱ्या निघाल्या, त्यातली गुरांच्या दवाखान्याची त्यांच्या वाट्याला आली. माणूस हुशार, हात सफाईदार, पण या मुलखाबद्दल मनात अढी. बधिर करायच्या औषधाच्या बाटल्या मुंबईहून यायच्या, त्याही मोजक्या. साहेबलोकांच्या कुत्र्यांना लागतात म्हणून त्या कपाटात कुलूपबंद. वारल्यांच्या बैलांना सामंत नुसतं उकळलेलं पाणी टोचत. सुई दिसली की या लोकांचं समाधान होतं, आणि बैल काही तक्रार करायला येत नाही, असं ते शिपाई भास्करला हसत हसत सांगत. मला असल्या हसण्याची शिसारी येते.

वासोणा गावचा जान्या वारली आपला कबऱ्या बैल घेऊन आला. शिंगाच्या बुडात कर्करोग झालेला. शिंग लोंबत होतं, नाकपुडीतून रक्त येत होतं. मुळापासून कापलं तर बैल जगणार, नाहीतर नाही. वासरू असल्यापासून जान्याने त्याला वाढवला होता, त्यामुळे बैलापेक्षा त्याचंच तोंड उतरलेलं.

"त्याला दुखंल का, डागतर सायेब?"

"सुई देतो ना रे. शिंग गेलेलं कळणारसुद्धा नाही."

सामंतांनी डोळ्यामागच्या हाडावर बोट फिरवलं, जागा शोधल्यासारखं केलं आणि पाणी आत सोडलं. बैल दोन लाकडी खांबांच्या मध्ये उभा होता, डोकं दोराने आवळून बांधलेलं.

"झाला बधिर?" जान्याने जरा वेळाने विचारलं.

"झाला."

मग जान्याने दोर सैल केला. बिचाऱ्याच्या मानेला काचत होता, आणि दुखणारच नाही तर उगाच जाच कशाला?

सामंतांनी ते पाहिलं. आवळ म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. त्यांनी करवत उचलली.

तारेची करवत शिंगात घुसली मात्र, बैल असा हंबरला की रस्त्यावरची माणसं थबकली. डोकं सुटलं आणि दुसरं, धड असलेलं शिंग जान्याच्या मांडीत शिरलं.

इस्पितळात नेलं तर चार प्रश्न विचारले जाणार. म्हणून सामंतांनी जान्याला तिथेच बाकावर आडवं केलं आणि जखम धुतली. टाके घालताना माणूस ओरडला असता तर सगळा बाजार गोळा झाला असता. त्यांनी कपाट उघडलं, आणि या वेळी सुईत औषध भरलं.

टाका पडत होता, दोरा ओढला जात होता. जान्या चकित होऊन बघत राहिला. त्याने जखमेजवळ बोट दाबून पाहिलं.

"माझा पाय मेला, सायेब. काय लागत नाय."

"लागणार नाहीच."

"मग कबऱ्याला कसं लागलं?"

भास्करने मान खाली घातली.

"जनावराचं वेगळं असतं," सामंत म्हणाले.

बाकावरची बाटली अजून निम्मी भरलेली होती. खांबांमध्ये कबऱ्या अर्धवट कापलेलं शिंग घेऊन थरथरत होता. जान्याने हात जोडले. "ही त्याला द्या, सायेब. पाया पडतो तुमच्या."

तेवढ्या औषधात सहज भागलं असतं. पण आता बैल शांत झाला असता, तर मघाशी सुईत काय होतं ते जान्याला उमगलं असतं. सामंतांनी बाटली कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

"एका जनावराला दोनदा देत नाहीत. मरतं."

खरं की खोटं, जान्याला ठरवता येईना. बैल मरेल या भीतीपुढे त्याचं काही चालेना. बधिर पाय ओढत तो खांबापाशी गेला. दोर त्याने स्वतःच आवळला, गाठीवर गाठ मारली, कबऱ्याच्या डोळ्यांवर आपला पंचा धरला आणि म्हणाला, "चालवा."

शिंग गळून पडेपर्यंत बैल ओरडत होता. त्याला कवटाळून जान्या रडत होता, आणि त्याच्या मांडीला काहीच लागत नव्हतं.