ढापूगिरी

वहिनीला त्या ऑनलाइन कोर्सच्या भानगडीत मीच पाडलं. मुलीला घेऊन मी भावाकडे राहते. मी ऑफिसला गेले की मुलीला वहिनीच बघते. कोपऱ्यावरच्या पाळणाघराच्या बाई तिला म्हणाल्या होत्या, बालसंगोपनाचं प्रमाणपत्र आण, नोकरी तुझी. लग्न झाल्यापासून वहिनीने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. "घरबसल्या नामवंत शिक्षक, तेही फुकट!" म्हणत मी तिचं नाव नोंदवलं, सोबत म्हणून माझंही.

शिक्षक खरंच नामवंत होते. पण विद्यार्थी हजारो, ते कुणाकुणाचं तपासणार? स्वाध्याय विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे तपासायचे, नावं झाकून. चोरीचा शेरा एकाने जरी मारला तरी स्वाध्याय बाद. मराठीतून लिहिणारे आम्ही मोजकेच असणार, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी ते तपासायचं काम उरकलं. एक स्वाध्याय असा सुरू होत होता: 'रडणं ही मुलाची पहिली भाषा. आपण मात्र ती बंद पाडायला बघतो.' म्हटलं, ही बया कुठून तरी उचलून आणतेय आणि मी इथे डोकं खाजवतेय! पुढे न वाचता शून्य दिलं, शेरा ठोकला आणि डबा संपवला.

आज संध्याकाळी घरी आले तर वहिनी फोन घेऊन ओट्यापाशी उभी. नापास. तिने दाद मागितली होती, तर 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे' एवढं यंत्राचं उत्तर.

"शेरा ऐक," ती म्हणाली. "'ही शुद्ध ढापूगिरी आहे.'"

हा शब्द माझा आहे. दादाने माझा चार्जर पळवला की मी तो ओरडते आणि घरातले सगळे हसतात. वहिनी हसत नव्हती.

"मीच गं ती," मी म्हणाले. "तुझं आहे हे माहीत नव्हतं."

"दुसरीचं असतं तर चाललं असतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी पाळणाघराच्या बाईंशी बोलते ना."

"त्यांनी दुसरीला घेतलंसुद्धा. तू वाचलं तरी होतंस का?"

"दोन ओळी."

तिने फोन माझ्या हातात दिला. "मग आता वाच."

पुढे लिहिलं होतं: 'माझ्याकडे एक चिमुरडी आहे. आई कामाला गेली की ती रोज दाराशी बसून रडते. मी तिला गप्प बस म्हणत नाही, शेजारी बसते. मग आईच्या घरात घालायच्या सपाता तिच्या हातात देते. सांगते, या तू सांभाळ, आई आली की तिला लागतील.'

माझी मुलगी रडते, हेच मला माहीत नव्हतं. मी घरात शिरताना ती रोज माझ्या सपाता छातीशी धरून उभी असते, आणि मी रोज तिच्यावर ओरडते, की टाक त्या खाली, घाण आहेत.