दगडी

दुधातलं आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना कळतं. नवरा वीस गाईंच्या धारा काढतो, सासूबाईंचा उभा जन्म गोठ्यात गेला. धार काढताना कुणी शिंकलं तरी डोळे वटारतात, गाय बिचकून पान्हा चोरेल, दूध आखडून धरेल म्हणून. गाईची कास सुजून तापली की ती दगडी. मग औषध संपेपर्यंत तिचं दूध गटारात.

बाळ दीड महिन्याचं असताना माझी डावी बाजू तशीच सुजली. लालबुंद, वर हुडहुडी भरून ताप. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पाजणं थांबवू नकोस, त्याच बाजूनं पाज. बाळाला काही होत नाही. थांबलीस तर तुलाच गळू होईल."

घरी सांगितलं तर नवरा खेकसला, "दगडीचं दूध डेअरीवाला घेत नाही, आणि माझं पोर पिणार?"

"मी गाय नाहीये!"

फाडकन थोबाडीत बसली. त्यानं बाळ हिसकावलं, सासूबाईंनी ते आतल्या खोलीत नेऊन आतून कडी लावली. बाळ बाटली तोंडात धरेना. दुपारपर्यंत रडून रडून त्याचा घसा बसला. इकडे छाती फुटेल की काय असं झालेलं. मग एकदम रडणं थांबलं.

माझं डोकंच फिरलं. दुधाचा भरलेला कॅन उचलला आणि दारावर घातला. नवऱ्यानं मागून केस धरले, तर तोच कॅन त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो सांडलेल्या दुधात आडवा झाला. तिसऱ्या घावाला कडी तुटली.

सासूबाई बाळाला छातीशी घट्ट धरून कोपऱ्यात उभ्या होत्या. ते पेंगत होतं, ओठ कोरडे पडले होते.

"दगडीच्या गाईची धार काढायची थांबवता का?" मी ओरडले.

"नाही."

"का?"

"दूध तुंबलं तर कासेचा सड जातो," त्या म्हणाल्या, आणि माझ्या छातीवर भिजलेल्या झग्याकडे बघतच राहिल्या. मग गुपचूप बाळ माझ्या हातात दिलं.

त्यानं डावीकडेच तोंड लावलं. कळ डोक्यापर्यंत गेली, मी दात आवळून शिवी दिली, पण ते घटाघट प्यायला लागलं.

"त्याला काही झालं ना, तर तुला..." बाहेरून नवरा गरजला.

"गप रे!" सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "पान्हा चोरेल ती."

या वेळी 'मी गाय नाहीये' म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही.