चाळीस पावलं

कारकून साडेचारला निघणार होता, चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि मला आई सापडत नव्हती.

गावाबाहेरच्या दफनभूमीची खालची पट्टी रस्त्यात जाणार होती. ज्या कबरीवर नातेवाईक आज लाल झेंडी रोवतील, ती वर टेकाडावर हलवणार. बाकीच्यांवरून डांबर. पणजोबा, आजोबा, दोन आत्या, सगळ्यांचे दगड नावानिशी उभे होते. त्यांना झेंड्या लावून झाल्या. आईला दगडच नव्हता. नुसती नंबरची पाटी होती, तीही कधीच गेली. "बसवू की दगड, घाई काय आहे," म्हणत बाबांनी एकोणीस वर्षं काढली आणि या थंडीत स्वतःच गेले. टेकाडावर त्यांच्या शेजारची जागा मी आईसाठी धरून ठेवली होती.

आशा एकच होती. म्हातारपणी बाबांना जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. म्हणजे एकाने कुठेतरी डबा लपवायचा, फोनवरच्या नकाशात त्याची खूण टाकायची आणि बाकीच्या रिकामटेकड्यांनी तो शोधत हिंडायचं. बाबांनी जन्मात एकच डबा लपवला, तो इथे. 'आमची ही झोपली आहे तिथे,' असं नकाशावर लिहिलं होतं. 'माझ्या वडिलांच्या दगडापासून ओढ्याकडे तोंड करून चाळीस पावलं.'

फोनचा बाण झाडांखाली नुसता गरगरत होता. मी चाळीस पावलं मोजली आणि थेट ओढ्यात उतरले. परत आले, छोटी पावलं टाकली, तर काटेरी झुडपात. चिखल असेल म्हणून बाबांचेच जुने बूट पुढे कागद कोंबून घातले होते. ते पाण्याने भरले. मग मी चक्क रडायला लागले. तिला डांबराखाली सोडून घरी कशी जाणार होते मी?

"ताई, आवरा आता," कारकून वरून ओरडला. "मला फॉर्म जमा करायचेत."

"अहो, आई आहे माझी! विसरलेली छत्री नाही!"

बूट झटकताना आठवलं. बाबांचा जन्म गेला बूट शिवण्यात. लहानपणी मी दुकानात पावलं मोजायला लागले की डाफरायचे, "पाऊल म्हणजे टाच ते अंगठा. तू टाकतेस ती ढांग!"

आजोबांच्या दगडाला टाच लावली. मग बुटाला बूट चिकटवत निघाले. चाळिसाव्या पावलाला खाली पोकळ वाजलं. उकरलं, तर सपाट दगडाखाली बूटपॉलिशचा मोठा डबा.

आत वही होती. पहिल्याच पानावर बाबांचं अक्षर.

'ज्याला सापडेल त्याला. खरं सांगतो, नेमकी जागा मला ठाऊक नाही. ओढ्याच्या पुरात पाट्या वाहून गेल्या. पोरीला सांगायचं धाडस झालं नाही. कुठेतरी बसायला हवं, म्हणून मी ही जागा धरली.'

खाली नुसत्या तारखा, पानंच्या पानं. सगळे रविवार.

मी मान वर केली. आजूबाजूला तसेच तीसेक उंचवटे होते. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं.

कारकून फॉर्म घेऊन खाली आला. "सापडली?"

"हो."

"नक्की ना? नंतर तक्रार चालत नाही."

"नक्की," म्हणत मी झेंडी रोवली. ती दोनदा पडली, मग बुटाने माती दाबून उभी केली.

त्याने आईचं नाव लिहून घेतलं. "मयताशी नातं?"

पायाखाली कोण होतं, देव जाणे.

"मुलगी," मी म्हणाले.