बारा व्होल्टची नऊ घरं

भर दुपारी वीज गेली की आपल्यासारख्यांच्या घरात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. पंखा थांबतो, घामाच्या धारा लागतात आणि घरातला कर्ता माणूस वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसतो. पण त्या एका गल्लीतल्या नऊ घरांत मात्र पंखे फिरत राहायचे. याचं सगळं श्रेय व्होल्टकाकांचं होतं, आणि ते घ्यायला काका कधी लाजत नसत.

काकांची उभी हयात टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या गच्चीवर सौर पॅनल बसवलं, खाली बॅटरी ठेवली, पंखा आणि दिवे जोडले. शेजाऱ्यांनी ते पाहिलं, आणि काका पक्कड घेऊन घरोघर निघाले. कोणाकडून चहासुद्धा मागून घेतला नाही. वायर कोणती आणू असं कोणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

"अरे, टेलिफोनच्या तारेतून अठ्ठेचाळीस व्होल्ट जातात आणि ती तार केसासारखी बारीक. आपले तर बाराच व्होल्ट! दाराच्या बेलला लावतात ती वायर रग्गड झाली. फ्यूज कशाला हवाय? हे बघ, शॉकसुद्धा लागत नाही." आणि ते खरंच हात लावून दाखवत.

उन्हाळ्यात पंखे वाढले, तेव्हा काकांनीच नऊही घरांत दुसरं पॅनल जोडून दिलं. वायर जुनीच ठेवली.

काकांची सून केबलच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. एका सुट्टीच्या दिवशी कपाटामागे पडलेली कात्री काढायला तिने हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"बाबा, ही वायर तापलीय."

"ऊन काय कमी आहे का बाहेर?" काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"भिंत गार आहे. फक्त वायर तापलीय. तुम्ही इकडे या बघू."

दोघांनी मिळून कपाट सरकवलं. पांढरी वायर तपकिरी पडली होती. एका ठिकाणी तिचं आवरण वितळून भिंतीला चिकटलं होतं आणि आतलं तांबं उघडं दिसत होतं. काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. काल याच कपाटाशेजारी त्यांनी तासभर डुलकी काढली होती.

"पण शॉक तर लागत नाही," ते पुटपुटले.

"शॉक लागत नाही, पण आग लागते. बाबा, टेलिफोनच्या तारेतून आवाज जातो, त्यावर पंखे फिरत नाहीत. तिच्यात करंट अगदी नखाएवढा असतो. इथे व्होल्ट कमी, म्हणूनच तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. आणि वायर तापते ती करंटने."

"दुसरं पॅनल लावल्यावर वाढलं का हे?"

"हो ना. तुम्ही प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलंत. व्होल्ट तेवढेच राहिले, करंट दुप्पट झाला. एकामागे एक जोडली असती, तर व्होल्ट दुप्पट झाले असते आणि गच्चीवरून येणाऱ्या वायरवरचा भार वाढला नसता. अर्थात पॅनल आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलरही ते झेपणारा हवा. शिवाय बॅटरीपासून पुढे जाड वायर, आणि बॅटरीला अगदी लागून फ्यूज."

काकांनी गच्चीवर जाऊन पॅनलवर जाड चादर टाकली, खाली येऊन बॅटरीची टोकं सोडवली. पंखा थांबला.

"आजच बदलून टाकू," ते म्हणाले.

"आपली बदलू. आणि बाकीच्या आठ घरांची?"

काका खुर्चीत बसले. म्हणाले, "सर्व्हिसिंगला आलोय म्हणून सांगतो. गुपचूप बदलून येतो. उगाच गल्लीभर शोभा कशाला?"

"आणि उद्या कोणी तिसरा पंखा जोडला, तर कोणती वायर आणेल? तुमचं ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे, बाबा. वायर बदलेल, पण वाक्य तसंच राहील."

"हसतील गं लोक मला."

"हसू देत की," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "हसायला जिवंत तर राहतील."

पहिलं घर शिलाईवाल्या ताईंचं होतं. एकच खोली, मधोमध मशीन, भिंतीला लागून कापडाचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांना लागून सासूबाईंची खाट. म्हातारीला वर्षभरापासून उठता येत नव्हतं. काकांनी उंबऱ्यातच "सर्व्हिसिंग" असा शब्द काढला आणि तो अर्धाच राहिला. त्यांना जळका वास आला.

त्यांनी घाईघाईने गठ्ठे ओढले. वायरीला टेकलेल्या कापडावर तळहाताएवढा काळा डाग होता. मधोमध कापड जळून भोक पडलं होतं!

"ताई, हा वास कधीपासून येतोय?"

"झाले की आठ दिवस. सासूबाई सारख्या म्हणायच्या, काहीतरी जळतंय. मीच त्यांना गप्प केलं. म्हटलं, काकांच्या हातचं काम आहे, तुम्हाला आपले काहीतरी भास होतात."

"मी तेच म्हणत होते," खाटेवरून म्हातारी हळूच म्हणाली.

या माणसांनी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला नव्हता, कारण त्यांचा काकांवर विश्वास होता.

"आजी, तुमचंच बरोबर होतं," काका म्हणाले. "ताई, मी तुम्हाला चुकीची वायर सांगितली. फ्यूज नको म्हणालो, तेही चुकलं. सगळी चूक माझी आहे."

ताई हसल्या नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. हातातल्या जळक्या कापडाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "मी कापड आणायला जाते तेव्हा बाहेरून कडी लावून जाते हो, काका."

काकांनी आधी पॅनल झाकलं, बॅटरी सोडवली आणि मगच डोळे पुसले.

त्या दिवशी ते उरलेल्या सातही घरी गेले. कोणी हसलं, कोणी चार शब्द सुनावले. शेवटच्या घरातल्या न्हाव्याने तर कपाळावर हात मारला, कारण काकांचं वाक्य त्याने आपल्या भावालाही शिकवलं होतं. काकांनी तिथेच उभं राहून त्या भावाला फोन लावायला सांगितला आणि "मी चुकलो" हे नवव्यांदा म्हटलं.

मंडळी, चांगल्या मनाने दिलेला सल्लासुद्धा घर जाळू शकतो. तो देताना आपण छाती काढून दारोदार जातो, तर चुकला असेल तेव्हा मान खाली घालून त्याच दारांत परत जायला हवं. आणि घरात कोणी म्हणालं की काहीतरी जळतंय, तर ते माणूस कितीही म्हातारं असो, त्याला गप्प करू नका. आधी उठून बघा.