लंगड्या बगळ्यातली तुळई

छत : नवं.
खिडक्या : नव्या.

सरकारी तपासनीस मिस ऑगडेन वहीत लिहीत होत्या आणि डॉर्कस पिंफोल्डचा जीव खालीवर होत होता. पब जुना ठरला तर जपायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत जाणार, म्हणजे वाचणार. नाही ठरला, तर मालक कंपनी ‘लंगडा बगळा’ पाडून तिथं गाड्या लावणार. डॉर्कस वीस वर्षं खाली बिअर ओतत होती आणि वर राहत होती.

छताची काळी लाकडं :

“फार जुनी आहेत हो ती!” डॉर्कस घाईनं म्हणाली.

मिस ऑगडेननी टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

: फळ्या. वर काळा रंग.

“रंग तरी जुना आहे,” जेथ्रो म्हणाला. शेकोटीजवळच्या बाकावरचा हा म्हातारा फक्त बिअरसाठी उठायचा. आताही उठला, खोलीच्या मधोमध आला, वाकला, पुढे जाऊन सरळ झाला. मागून पोस्टमन हबर्ट आला. वाकला. चिप्सची बशी घेऊन डॉर्कस निघाली. तीही वाकली.

मिस ऑगडेनचं पेन थांबलं. “तुम्ही सगळे इथं का वाकता?”

“डोकं आपटेल ना, बाई.”

“कशावर?”

सगळ्यांनी वर पाहिलं.

.

.

काहीच नव्हतं.

“माझा बाप वाकायचा,” जेथ्रो म्हणाला.

“आणि त्याचा बाप आपटायचा,” हबर्ट म्हणाला. “म्हणून तुमचं घराणं असं.”

मिस ऑगडेन स्टुलावर चढल्या. चाकूनं भिंतीचा गिलावा खरवडला. आत करवतीनं कापलेलं ओकचं टोक. समोरच्या भिंतीत दुसरं.

“तुळई! पाचशे वर्षांची असेल. कापली कुणी?”

“आजोबांच्या वेळी बिलियर्डचं टेबल आणलं होतं,” जेथ्रो पुटपुटला. “आत येईना.”

“मग मधला तुकडा कुठाय?”

सगळ्यांच्या नजरा हळूहळू जेथ्रोच्या बाकाकडे वळल्या.

“मी उठणार नाही,” तो लगबगीनं परत जाऊन बसत म्हणाला.

“ऊठ रे मेल्या, माझं घर जातंय!” डॉर्कस ओरडली.

तो उठला. बिअर नसताना, पहिल्यांदाच. बाक उलटं केलं. खालून तेच ओक, दोन्ही टोकं करवतीनं कापलेली; जुन्या सुताराच्या खाचा, ओळीनं.

छत : नवं. ← हे खोडलं.

वास्तू : यादीत घ्यावी. बाकासह. बाक हलवू नये.

डॉर्कसनं एप्रनला डोळे पुसले आणि त्यालाच नाकही. जेथ्रो बाक सरळ करून त्यावर ऐसपैस बसला.

“बाई, पुढं लिहा,” तो म्हणाला. “बसलेल्यालाही हलवू नये. बिअर जागेवर द्यावी.”