बसवून ठेवलेली माय

किशोरचं आपल्या आईवर फार प्रेम होतं, आणि ते प्रेम लोकांना दिसलं पाहिजे असंही त्याला वाटायचं. ही दुसरी गोष्ट त्याने कधी कबूल केली नसती. अकोल्याला सरकारी नोकरी, स्वतःचं घर, दाराशी गाडी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिवस्याला आईकडे फेरी. आला की आधी आईच्या पायांवर डोकं, मग चौकशी: "माय, जेवली का? औषध घेतलं का?" ही चौकशी शेजारच्या तीन घरांना ऐकू जायची. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पुढे जे झालं त्याची त्याला लाजही वाटली नसती.

आई, म्हणजे पार्वताबाई, तिवस्याला थोरला मुलगा श्याम याच्याकडे राहायची. वय शहात्तर. गुडघे पार झिजलेले, वॉकर धरल्याशिवाय चार पावलं पडत नव्हती, आणि दिवाळीच्या आधी हृदयानेही दगा दिला. अमरावतीच्या दवाखान्यात दहा दिवस काढून घरी आली तेव्हा खाटेवर उठून बसतानाच तिला धाप लागायची. श्याम दिवसभर शेतात, तेव्हा आईचं सगळं त्याची बायको साधना बघायची. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या संध्या मॅडमनी साधनालाच समोर बसवून सांगितलं होतं, "गुडघे चालत नाहीत म्हणून हृदयाला सुट्टी द्यायची नाही. खुर्चीत बसून हात वर, पाय पुढे. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायचं, बसायचं. रोज, थोडं थोडं वाढवत. छातीत दुखलं, चक्कर आली की लगेच थांबायचं. तुम्ही जवळ उभ्या राहा, पण उचलू नका. त्यांचं त्यांना उठू द्या."

सांगणं सोपं होतं. आई दोन दिवसांत रुसली. "रिकामे हात हालवाले मी का येडी झाली का वं?" म्हणाली. जिने आयुष्यभर हात कामासाठीच हलवले, तिला नुसता व्यायाम म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ वाटायचा. साधना हुशार. तिने तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली अंगणात एका टोकाला स्टुलावर ठेवली आणि आईची खुर्ची दुसऱ्या टोकाला. दाणे टाकायचं पातेलं खांद्याच्या उंचीवर, फळीवर. म्हणजे मूठभर शेंगा आणायच्या तर उठावं लागे, वॉकर धरून सहा पावलं जावं लागे, आणि दाणे टाकायचे तर हात वर करावा लागे. साधना बाजूला उभी राहायची, हाताची घडी घालून. व्यायामाला नाही म्हणणारी आई सोल्यांच्या, म्हणजे त्या ओल्या दाण्यांच्या, भाजीसाठी मात्र दिवसातून वीस-वीस वेळा उठू लागली.

जानेवारीत साधनाच्या मुलीचं, आकांक्षाचं, साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. किशोर सकाळीच पोचला. अंगणात पाहुणे जमलेले, आणि त्यांच्यामधून आई वॉकर ढकलत, धापा टाकत शेंगा आणायला चाललेली. शेजारी साधना हाताची घडी घालून उभी. टोपली उचलून आईच्या मांडीवर ठेवायला एक क्षण लागला असता.

किशोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी! अवं, लाज वाटत नाही का तुमाले? हार्टची पेशंट आहे ते! मजुरीले लावलं का माह्या मायले?"

"भाऊजी, मॅडमनं सांगतलं—"

"मॅडमनं तुरी सोलाले सांगतल्या? तुमी उभ्या राहून पाहून राहिल्या, आन् ते म्हातारी धापा टाकून राहिली!"

साधनाचे होणारे व्याही-विहीण तिथेच बसले होते. मुलीच्या साक्षगंधाच्या दिवशी बाई तोंड उघडणार तरी कशी? किशोरने ती संधी साधली असं म्हणता येणार नाही, कारण समोर व्याही आहेत हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. लक्षात आला तो पाहुण्यांतल्या नत्थुजी काकांचा आवाज: "पोरगा असावा तर असा!" त्या संध्याकाळी त्याने आईला गाडीत बसवून अकोल्याला नेलं. आई गाडीत म्हणाली, "तुले समजलं नाही रे." त्याला वाटलं, आई सुनेवर पांघरूण घालते आहे.

अकोल्यात त्याने आईला फुलासारखं ठेवलं. मागे कलणारी खुर्ची आणली, खाटेला लागून कमोडची खुर्ची, चाकांची खुर्ची, आणि दिवसभरासाठी एक बाई. पाण्याचा पेलासुद्धा आईच्या ओठांना लावायचा. एकदा त्याची बायको रागिणी मेथी निवडत होती, आईने जुडी ओढून घेतली. किशोरने ती हातातून काढली. "माय, आता आराम कर. लय केलं तू." आई म्हणाली, "आरामानं जीव जाईन माहा." तो हसला. रागिणीही एकदा हळूच म्हणाली, "थोडं चालू द्या न त्यायले." तिला त्याने डोळ्यांनीच गप्प केलं. फोनवर नातेवाइकांना तो सांगायचा, "मायले एक काडी उचलू देत नाही मी." हे सांगताना त्याची छाती भरून यायची.

एप्रिलमध्ये आईच्या पायांवर सूज आली. कमोडच्या खुर्चीवर बसवतानाही श्वास पुरेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पाणी मोजून द्यायला सांगितलं आणि म्हणाले, "सूज उतरली की जुनी फाइल घेऊन अमरावतीला दाखवा. यांच्या अंगात ताकदच राहिली नाही."

सूज उतरल्यावर अमरावतीला संध्या मॅडमनी आईला खुर्चीत बसवलं, घड्याळ हातात घेतलं. "आजी, अर्ध्या मिनिटात जमेल तितक्या वेळा उठा." आईने खुर्चीचे हात घट्ट धरले. मान थरथरली, दंड थरथरले. ती वीतभर उठली आणि धपकन बसली. पुन्हा उठलीच नाही.

मॅडमनी फाइल उघडली. "नोव्हेंबरमध्ये तीन वेळा उठल्या होत्या. जानेवारीत आठ वेळा. आठ! त्या बाईंनी कमाल केली होती. सगळं बसण्यानेच झालं असं मी म्हणत नाही, पण हे पायांचे स्नायू पाहा, गळून गेलेत. कोणी बसवून ठेवलं यांना?"

किशोर म्हणाला, "घरच्यांनी."

एवढंच म्हणाला. खोटं नव्हतं, आणि खऱ्याच्या जवळपासही नव्हतं. मॅडमनी मान हलवली आणि लिहू लागल्या. आईने मात्र त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी दुसऱ्याच्या शेतातली बोरं त्याच्या खिशात सापडली होती, तेव्हा चार माणसांसमोर ती जशी गप्प राहिली होती, तशीच आत्ताही गप्प राहिली. किशोरला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पन्नाशीच्या माणसाने एका शब्दात आपला दोष घरभर वाटून टाकला होता. त्यात वहिनीचाही वाटा आलाच होता.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "मले तिवस्याले ने."

तिवस्याला आकांक्षाच्या लग्नाची गडबड होती. दुसऱ्या दिवशी हळद. किशोरने स्वयंपाकघरात साधनाला एकटं गाठलं. "वहिनी, चुकलं माहं. मॅडम म्हणे, तुमी कमाल केली होती. मी मायचं वाटोळं केलं."

साधना पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. "भाऊजी, तवा तुमी चार लोकात बोल्ले होते. माह्या विहीणबाईनं ऐकलं. आकांक्षाले त्यायनं इचारलं, तुही माय आजीले कामाले लावते का म्हणून. तीन महिने मी मान खाली घालून राहिली. आन् तुमी माफी चुलीपाशी मांगून राहिले."

त्या रात्री त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी हळदीच्या मांडवात, सगळे बसलेले असताना, तो उभा राहिला. सगळं सांगितलं. दवाखान्यात "घरच्यांनी" म्हणालो तेही सांगितलं. "वहिनीनं मायले उभं केलं होतं. मी बसवून ठेवलं." नत्थुजी काकांनी उपरण्याने डोळे पुसले.

"असं बोलाले छाती लागते बाप्पा! पाहा, किती मोठं मन पोराचं!"

बायका हळहळल्या. एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लेकानं प्रेमापायीच केलं न," दुसरा म्हणाला. वहिनीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. ती दारात उभी होती, हळदीची वाटी घेऊन, आणि मग ती आत निघून गेली. किशोर मटकन बसला. माफी मागायला उठला होता आणि शाबासकी घेऊन बसला होता. आपल्याला काय काय फुकट मिळत आलं आहे, हे त्याला त्या वेळी कळलं, आणि त्याची स्वतःकडे पाहायची हिंमत होईना.

दुपारी नवरीकडची लांबच्या नात्यातली आणखी मंडळी नांदगाव खंडेश्वरहून यायची होती. त्याआधीची वेळ आईच्या उठण्या-बसण्याची. साधना हात पुसत अंगणात आली, तर किशोर आईच्या खुर्चीशी उभा होता.

"वहिनी, तुमी हळदीकडे पाहा. मायजवळ मी उभा राहतो."

"जमन?" साधनाने विचारलं. तिच्या आवाजात अजून ऊब नव्हती. "हात लावसान नाही?"

"नाही लावत."

आईने खुर्चीचे हात धरले. वीतभर उठली, बसली. किशोरचे हात आपोआप पुढे झाले. त्याने ते मागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं. आई पुन्हा उठू लागली. कपाळावर घाम, ओठ दाबलेले. पुन्हा बसली.

"दुखते का छातीत? चक्कर?"

"नाही. नुसती ताकद नाही," आई म्हणाली. थोडी थांबली, श्वास घेतला.

तेवढ्यात नांदगाव खंडेश्वरची मंडळी गाडीतून उतरली. यांनी सकाळचं काहीच ऐकलं नव्हतं. त्यांना दिसली ती थरथरत उठू पाहणारी म्हातारी, आणि तिच्या समोर हात मागे बांधून उभा असलेला धडधाकट माणूस.

"अवं पाहा न," एक बाई मोठ्याने म्हणाली, "लेक आहे का कोण आहे? म्हातारी पडाले आली, आन् हा खांबासारखा उभा! हात देता येत नाही का रे तुले?"

अंगण वळून पाहू लागलं. किशोरचे कान पेटले. सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं: मॅडमनी सांगितलं आहे. ते त्याच्या जिभेच्या टोकावर आलं. आतून साधना धावत आली, तीच सांगायला, आणि त्याने तिच्याकडे पाहून मान हलवली. नको. साधना उंबरठ्यावर थांबली.

"कलियुग आहे," ती बाई म्हणाली. "दगड बरा."

तो ऐकत राहिला. आई तिसऱ्यांदा उठू लागली होती.